उरलेला श्वास

छडी थांबली ती थेट दोब्रिनाकडे टोक करून. "दुसरा ओबो, तुम्ही चढताय," वाद्यवृंदाचा नवा संचालक यासेन काल्पाकचियेव म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरतं खाली पडायच्या आत दोब्रिना बोलून गेली, "माफ करा, मायस्त्रो." एवढंच झालं. छडी पुन्हा वर गेली, व्हायोलिनवाल्यांनी मागच्या खुणेपासून पुन्हा धरलं, आणि डॅन्यूबकाठच्या रूसे शहरातली ती तालमीची सकाळ पुढे सरकली. पण दोब्रिनाच्या छातीत काहीतरी अडकलं ते अडकलंच. माफी इतकी चटकन कशी निघाली? ट्रॉलीबसमध्ये दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला की आपणच माफी मागून मोकळे होतो, तशी. सनईच्या जातीच्या तिच्या ओबोचा सूर चढला होता, खोटं नाही. पण तो चढला होता कारण शेजारी हारालांपीदादांचा चढला होता, आणि पहिला ओबो चढला की दुसऱ्याने त्याच्यामागे चढायचं असतं. हे संचालकाला ठाऊक नसेल? आणि ठाऊक नसेल तर त्याच्या हातात छडी दिली कुणी? शेजारी दादा मात्र काहीच घडलं नसल्यासारखे तितराचं पीस नळीत फिरवून आतली ओल पुसत होते. त्यांच्या स्टँडवर संचालकाने आणून ठेवलेलं, सूर दाखवणारं एक इवलंसं यंत्र होतं आणि त्या यंत्रावर दादांनी आपली लोकरीची टोपी घालून ठेवली होती. "बिचाऱ्याला गारठा सोसत नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि मागची ओळ खदखदून हसली होती. आज तीच टोपी बघून दोब्रिनाला वाटलं, उचलावी आणि सरळ डॅन्यूबमध्ये फेकून द्यावी.

चढण्याचा हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. ती ह्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली त्या दिवशी दादांनीच तो तिला सांगितला होता. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. "हे बघ पोरी, पहिल्याने सूर खरा लावायचा आणि दुसऱ्याने पहिल्याला खरा ठरवायचा. मी चुकलो तर माझ्याबरोबर चूक. दोघं मिळून चुकलो तर लोक म्हणतात, वा, काय रंग भरला! एकटा चुकला तर बेसूर." त्यावर मागे बसणारा बासूनवाला दिमो पुटपुटला होता, "लग्नातसुद्धा हेच सांगतात गं, फक्त इतकं उघड कुणी सांगत नाही." तेव्हा ती हसली होती. नियम आवडलाही होता. एकाच्या सुराखाली आपला सूर सरकवून द्यायचा, जसा झोपलेल्याच्या डोक्याखाली अलगद हात सरकवावा. ह्यात तिला काही कमीपणा दिसला नव्हता. वाद्यवृंदात प्रत्येकाचं दुखणं वेगळ्या आकाराच्या पेटीत असतं, एवढं तिला लवकरच कळलं. झांजवाला तासभर मांडीवर हात ठेवून बसतो, एकदा उठतो, दोन थाळ्या एकदा आदळतो आणि मग घरी जाईपर्यंत मनाला खात बसतो की किंचित उशीर तर झाला नाही. व्हायोलावाल्यांवर सगळे विनोद करतात म्हणून ते बिचारे स्वतःवर आधीच करून टाकतात. तुतारीवाला घसरला की गावाला कळतं. दुसऱ्या ओबोचं तसंही नाही. त्याचं चांगलं कुणाला ऐकू जात नाही, वाईट तेवढं जातं. भाजीतल्या मिठासारखं, बेताचं असलं तर नाव कुणी काढत नाही, चिमूटभर जास्त झालं की ताट सरकवतात. मैफल संपल्यावर संचालक पहिल्या ओबोला हाताने उठवतो, टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि त्या वेळी दुसरा ओबो आपली फुंकायची बोरूची पत्ती पाण्याच्या डबीत ठेवण्यात फार गढून गेल्यासारखा खाली वाकतो. दोब्रिनाला आता त्या वाकण्याचासुद्धा कंटाळा आला होता.

आणि श्वास. लोकांना वाटतं, ओबो वाजवणाऱ्याला श्वास कमी पडत असेल. जत्रेतल्या सनईवाल्याचे फुगलेले गाल बघून त्यांची तशी समजूत होते. खरं उलटंच आहे. दोन पत्त्यांच्या मधली फट इतकी बारीक, की छातीभर घेतलेल्या श्वासातला जेमतेम चमचाभर आत जातो. बाकीचा छातीतच राहतो, शिळा होतो, डोकं गरगरायला लागतं. विराम आला की नवा श्वास घेण्याआधी जुना सोडावा लागतो, आणि दोन्हीला वेळ नसेल तर शिळ्यावरच पुढे जावं लागतं. बुडणारा पाण्यात बुडतो, ओबोवाला हवेत बुडतो. आई जिवंत असताना विचारायची, "दमलीस का गं?" दोब्रिना म्हणायची, "दमले नाही, भरलेय." आजही तालीम संपली तेव्हा ती अशीच भरलेली होती, आणि नेमकं तेव्हाच संचालकाने तिला कॉफीच्या खोलीबाहेर बोळात गाठलं.

"तुम्हाला कळतं," तो म्हणाला.

"काय कळतं?"

"मला जे कळतं तेच. चढतात ते. तुम्ही त्यांच्यामागे जाता."

दोब्रिनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. लहान कान, गुळगुळीत दाढी, आईने इस्त्री करून दिल्यासारखा शर्ट. "हे ठाऊक असून सगळ्यांसमोर मला बोललात?"

"त्यांना कसं बोलू? अहो, मी आलो शरद ऋतूत. मंडईत मिरच्या विकणारी बाई मला विचारते, आमचे हारालांपी बरे आहेत ना? ह्या शहरात त्यांना मी बेसूर म्हटलं तर मला पाव कुणी विकणार नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "उद्याच्या मैफलीत ला तुम्ही द्या."

दोब्रिनाला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मैफल सुरू होण्याआधी सगळा वाद्यवृंद ज्या एका सुराला धरून आपापली वाद्यं मिळवतो, तो ला. तो पहिल्या ओबोने द्यायचा. आजारपण सोडलं तर दुसऱ्याने कधीच नाही. पहिला ओबो धडधाकट शेजारी बसलेला असताना दुसऱ्याने ला देणं म्हणजे घरधनी ताटावर बसलेला असताना त्याच्या देखत पाव मोडून वाटायला घेणं. सभागृहातल्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या झांजवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याच क्षणी कळेल की हारालांपी संपले. "आणि त्यांना हे सांगणार कोण?" तिने विचारलं.

"तुमचा घरोबा आहे."

"म्हणजे मी."

"नाजूक गोष्ट आहे. बाईमाणसाने सांगितलेली बरी."

"आणि मी नाही दिला तर?"

संचालकाने छडीचं टोक नखाने खरवडलं. "तर ओबोंचा सूर चढतोय एवढं मला वर कळवावं लागेल. पहिल्या खुर्चीला मला हात लावता येत नाही. दुसऱ्या खुर्चीसाठी वसंतात परीक्षा घेऊ. तुम्हीही बसा. पडद्याआडून असते, सगळ्यांना सारखीच संधी." आणि घाईघाईने तो कॉफीकडे वळला. मागून दिमो आला, बासूनची पेटी खांद्यावर. "काय म्हणत होता छोटा मायस्त्रो?" "थंडी फार आहे म्हणाला." "अस्सं. आणि घाम तुला फुटलाय."

पडद्याआडून! अकादमीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, ओठ अजून टवटवीत असलेल्या मुलींच्या रांगेत उभं राहायचं, आणि आयुष्यभर जे काम केलं ते पडद्यामागून एकटीनं करून दाखवायचं. पण ते काम एकटीनं करता येतं का? शेजारी कुणी नसताना दुसरं कसं व्हायचं? ह्या प्रश्नावर तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी बाहेर पडताना तिने दार इतक्या जोरात लोटलं की राखणदार आजी विणकाम खाली ठेवून म्हणाली, "बये, दाराने काय केलं तुझं?"

थांब्यावर हारालांपीदादा उभेच होते. तेलकट कागदातली बानित्सा त्यांनी मोडली. चीजची वाफ त्यांच्या बोटांवरून वर गेली. मोठा तुकडा त्यांनी तिच्या हातात दिला. नेहमी मोठा तुकडा तिलाच. "खा. रिकाम्या पोटी दुसरा ओबो पहिल्यासारखा वाजतो." हेही नेहमीचंच. आता सांगावं, तिने ठरवलं. तुकडा गिळला की सांगावं. "दादा, सकाळी मला बोलले ते..." "त्याचं काय मनावर घेतेस? पोरगा आहे. त्याला कानाने ऐकायला अजून वेळ लागेल, सध्या डोळ्याने ऐकतो, त्या सूर दाखवणाऱ्या डबीकडे बघून." मग त्यांनी मान तिरकी केली, टोपी कानावरून मागे सारली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे दोब्रिनाला गेली दोन वर्षं बघवत नव्हतं. एक प्रकारचं लाडावलेपण. "आत्तासुद्धा देतेय बघ," ते हळूच म्हणाले. "सकाळपासून एकदासुद्धा थांबली नाही."

देतेय म्हणजे त्रेंदाफिला, त्यांची बायको. ती गेली त्या हिवाळ्यात दादांच्या उजव्या कानात एक सूर वाजायला लागला. आधी त्यांना वाटलं, मधमाशी शिरली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, होतं असं. पण दादा एक दिवस तालमीला आले ते डोळे पुसत. "दोब्रिने, तो ला आहे गं. अगदी आपला ला. ती मला ला देतेय. मी उगाच सूर हुडकत बसू नये म्हणून." त्या दिवशी त्यांनी सूर पारखायचा लोखंडी काटा न वापरता, यंत्र न वापरता, कानातल्या सुरावरून सगळ्या वाद्यवृंदाला ला दिला होता. आणि तो चढा होता. फार नाही, नखाएवढा. सगळ्यांनी त्यालाच धरून वाद्यं मिळवली. पण सुराची उंची म्हणजे काही टेबल नव्हे की ठेवलं तिथे राहील. वाजता वाजता तारा सैल होतात, क्लॅरिनेटवाले आपल्या जुन्या उंचीवर घसरत येतात, आणि शेवटी वर उरतात फक्त दोन ओबो, गच्चीवर विसरलेल्या कपड्यांसारखे. एक दादा, कारण ते बायकोच्या सुराला धरून आहेत. दुसरी दोब्रिना, कारण ती दादांना धरून आहे. तेव्हापासून हे चाललंय. मेलेल्या बाईने दिलेला सूर चढा आहे, हे तिच्या नवऱ्याला कोण सांगणार? कसं सांगणार? आणि त्रेंदाफिलाबाई, तुम्हाला द्यायचाच होता तर नीट द्यायचात की! स्वर्गात काय काट्यांना तोटा आहे?

"काय म्हणत होतीस?" दादांनी विचारलं.

"काही नाही. बानित्सा छान आहे."

ट्रॉलीबस आली. दादा उलट्या दिशेला जाणारे. त्यांनी कागदाची गोळी करून खिशात घातली आणि हात हलवला. दोब्रिना खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने मांडीवर घेतलेल्या कांदापातीच्या जुडीचे हिरवे शेंडे वळणावर तिच्या गालाला लागत होते, आणि प्रत्येक वेळी बाई म्हणत होती, "माफ करा," आणि प्रत्येक वेळी दोब्रिना म्हणत होती, "नाही, नाही, माफ करा." चौथ्या की पाचव्या माफीला तिला स्वतःचाच असा काही राग आला की ती दोन थांबे आधीच उतरून पडली. ओल्या पानांवरून चालताना मनात तेच तेच फिरत होतं. त्याने मला बोलायचं, कारण त्यांना बोलता येत नाही. मी त्यांना सांगायचं, कारण त्याला सांगता येत नाही. मी ला द्यायचा, कारण ते चढा देतात. आणि नाही दिला तर खुर्ची माझी जाणार, कारण त्यांची जात नाही. आणि त्यांचं काय जाणार? ला गेला तर दादांचं काय उरणार? दोन खोल्या, खिडकीतली जिरेनियमची कुंडी, आणि कानातली एक बाई. ती बाईसुद्धा उद्या आपण खोटी ठरवायची. देवा, सगळी वाटणी झाल्यावर जे उरतं ते दुसऱ्या ओबोच्या वाट्याला टाकायचं, असा तुझ्याकडे नियम आहे का? तूही पहिलाच म्हणा. तुला मागे चालायची सवय नाही.

घरी तिने लिंडेनच्या झाडाच्या वाळक्या फुलांचा चहा टाकला आणि खिडकीशी बसून उद्यासाठी पत्ती तासायला घेतली. हे काम हलक्या मनाने करायचं असतं. पातं टेकवायचं, श्वास सोडायचा, केसाएवढं काढायचं, उजेडात धरायचं. आज पातं टेकवलं की हात बोलायला लागे. तुमचा घरोबा आहे. खर्रकन एक जास्त. बाईमाणसाने सांगितलेली बरी. खर्रकन आणखी एक. पत्ती इतकी पातळ झाली की तिच्यातून पलीकडचं बोट दिसायला लागलं. ती तिने चुरगाळून टाकली. चहा गार झाला होता. दोब्रिनाने शाल घेतली आणि ख्रिस्ती देवळात संध्याकाळच्या प्रार्थनेला निघून गेली, कारण ह्या शहरात राग घेऊन बसता येईल अशी ती एकच उबदार जागा होती.

गाऊन सांगितलेल्या देवाच्या वचनाची तिला लहानपणापासून ओढ. बोललेलं वचन कानात जातं आणि विसरलं जातं. गायलेलं सुरावर बसून येतं आणि घरात मुक्काम करतं, असं तिचे बाबा म्हणत. कुठल्याही चिडचिडीत दोन ओळी ऐकल्या की तिचा राग निम्मा व्हायचा. आज झाला नाही. मेणाचा वास तोच, काळवंडलेल्या संतांचे मोठाले डोळे तेच, पण उजव्या मेजाशी गाणारा पाठशाळेतला तरुण आपल्या गोड आवाजाच्या प्रेमात पडला होता. प्रत्येक ओळीला तो थोडा थोडा वर सरकत होता, आणि आपण सरकतोय ह्याचा त्याला पत्ता नव्हता. आणखी एक! दोब्रिनाने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. सगळे वर निघालेत. आता ह्याच्यामागे कोण जाणार? तेव्हा तिने पाहिलं, की त्याच्या शेजारी एक म्हातारी उभी आहे, पडशाने नाक लाल झालेली, आणि ती गाण्याखाली एकच लांब सूर धरून आहे. ह्या धरण्याला इसो म्हणतात. गाणारा वर जावो, खाली जावो, इसो धरणाऱ्याने एकाच जागी राहायचं. म्हातारीने मध्येच नाक पुसलं, पुन्हा तोच सूर लावला. तरुण वर गेला. म्हातारी हलली नाही. त्याच्या गाण्यात आणि तिच्या सुरात करकर व्हायला लागली. त्याने दचकून तिच्याकडे पाहिलं. ती समोर संतांकडे बघत होती. पुढच्या ओळीला तो मुकाट्याने खाली आला.

दोब्रिनाचे बाबा हेच करायचे. गावच्या देवळात मिंचो आजोबा गायचे आणि बाबा त्यांच्याखाली इसो धरायचे. मिंचो आजोबांना गावात मान होता, बाबांना पोरं चिडवायची, "काका, तुम्ही नुसता आ करता, आणि देव तुम्हाला आमच्याइतकाच प्रसाद देतो?" एका मोठ्या सणाला मिंचो आजोबा घरून आलुबुखाराची राकिया घेऊन आले होते, बाटलीत नव्हे, पोटात. त्या दिवशी त्यांचा सूर असा चढत गेला की लहानगी दोब्रिना शरमेने बाबांचा कोट ओढायला लागली. बाबा, तुम्ही पण वर चला ना. सगळे बघताहेत. बाबा हलले नाहीत. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट झाल्या होत्या, कारण हलणं सोपं होतं, कुणालाही सोपंच असतं. सबंध देवळात ती करकर ऐकू येत होती. मग केव्हातरी मिंचो आजोबांनी डोळे मिटले, आणि अंधारात भिंत चाचपत यावं तसे ते हळूहळू खाली आले. घरी जाताना तिने विचारलं होतं, "तुम्ही त्यांच्याबरोबर का नाही गेलात?" बाबा चिखल चुकवत म्हणाले होते, "अगं, दोघंही हिंडायला गेलो तर दार कोण उघडणार?" तिला तेव्हा तो विनोद वाटला होता. आजपर्यंत विनोदच वाटत आला होता. तिने मेणबत्त्या लावल्या, एक वर जिवंतांसाठी, एक खाली वाळूत त्रेंदाफिलासाठी. देवळाबाहेर आली तरी राग होताच, पण आता तो कुणावर आहे ते नीटसं सांगता येईना. म्हणून ती आणखीच चिडली.

दुसऱ्या संध्याकाळी रंगमंचाच्या मागच्या अंधाऱ्या पट्ट्यात सगळे काळ्या कपड्यांत दाटीने उभे होते. दोब्रिनाने लोखंडी काटा गुडघ्यावर ठोकला आणि कानामागच्या हाडाला लावला. खरा ला, थंड, एकटा. दादा शेजारी होते, मिशांना मेण लावलेलं. "दादा, मला तुम्हाला एक सांगायचंय." "मैफलीनंतर. आत्ता कान भरलाय." "ते कानाबद्दलच..." "मैफलीनंतर म्हटलं ना पोरी!" आणि ते चालायला लागले. सांगायची शेवटची वेळही गेली. मागून दिमोने विचारलं, "आज किती मजले चढायचे आहेत? गुडघे धरतात माझे."

दिवे. पहिल्या रांगेतली खोकणारी माणसं. व्हायोलिनवाल्यांची प्रमुख इग्लिका उभी राहिली, आणि रीतीप्रमाणे ओबोंकडे वळली. पण तिचे डोळे दादांकडे आले नाहीत. ते दोब्रिनावर थांबले. म्हणजे संचालकाने इग्लिकाला सांगून ठेवलं होतं. पडद्याच्या फटीत त्याचा पांढरा शर्टही दिसत होता. इग्लिकाने भुवया उचलल्या. द्या. दादांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी ओबो ओठांना लावला होता आणि मान तिरकी करून ते आतला सूर ऐकत होते, लाडावलेल्या चेहऱ्याने. दोब्रिनाचा ओबो मांडीवर होता. तिने श्वास घेतला. इग्लिकाच्या भुवया अजून वरच. आत्ता, एकटीनं, त्यांच्या आधी. ती थांबली. दादांनी ला दिला.

चढा. नखाएवढा, नेहमीसारखा. इग्लिका व्हायोलिनचा गज उचलायचा विसरून तशीच उभी राहिली. तेव्हा दोब्रिनाने ओबो वर घेतला आणि दादांच्या सुराशेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, खरा ला लावला.

दोन ओबो एकदम ला देत नाहीत. कधीच नाही. हे मुळी घडतच नाही, म्हणून क्षणभर कुणाला काय घडतंय ते समजलं नाही. मग दोन सुरांच्या मधल्या त्या नखाएवढ्या जागेतून गुणगुण उठली, पेल्याखाली सापडलेल्या किड्यासारखी, थरथरती, जलद. दादांच्या कानातली मधमाशी आता सबंध सभागृहाला ऐकू येत होती. दादांनी वाजवता वाजवता डोळे वळवले. त्या डोळ्यांत आधी नवल होतं, मग संताप. नियम मीच शिकवला ना तुला? दोब्रिनाचे ओठ नियम पाळायला निघालेच होते. इतक्या वर्षांची सवय. ओठ आपोआप आवळतात, सूर आपोआप वर सरकतो, एवढंसं सरकायचं आणि सगळं निवळणार, सगळे नीट, आणि उद्या पुन्हा छडीचं टोक, पुन्हा माफ करा. तिच्या मानेच्या शिरा तट्ट झाल्या. ती समोर रिकाम्या स्टँडकडे बघत राहिली आणि हलली नाही. मागे दिमोचं "अरे देवा" तिला स्पष्ट ऐकू आलं. पडद्याच्या फटीतला शर्ट पुढे आला आणि पुन्हा मागे गेला. गुणगुण चालूच होती. छातीत शिळा श्वास चढत होता, डोळ्यांपुढे दिवे मोठे होऊ लागले होते. या ना, दादा. कितीही वेळ लावा. मी आहे इथे. या.

दादांनी डोळे मिटले. त्यांनी कुणाचा तरी धरलेला हात सोडवून घ्यावा तसे आवळलेले ओठ किंचित ढिले केले. थरथर मंदावली. मधमाशी जड झाली, तिचे पंख एकेक मोजता यावेत इतकी. मग एकदा. मग लांब थांबून आणखी एकदा. मग नाही. एकच सूर उरला, आणि तो कुणाचा हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. इग्लिकाने गज टेकवला. तारा आल्या, त्यांच्यामागे लाकडी वाद्यं, पितळी वाद्यं, भरल्या ताटावर सगळं घर येऊन बसावं तशी.

दादांनी ओबो खाली घेतला. यंत्रावरची टोपी उचलली, एकदा त्याच्या काट्याकडे पाहिलं, आणि टोपी खिशात कोंबली. ते आता काय बोलणार, आयुष्यभर बोलणार तरी का, हे तिला कळेना. संचालक येत होता, टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या टाळ्यांच्या आड ते तिच्याकडे न बघता कुजबुजले.

"दोन वर्षं कुठं होतीस गं भवाने?"

"तुमच्यामागे," ती म्हणाली.

"मागे! मला एकट्याला सोडून मागे!" त्यांनी नाक ओढलं. डोळे भरून आले होते आणि तरी मिशीच्या एका टोकाला हसू धरलेलं होतं. "आमची त्रेंदाफिला चढंच गायची. जन्मभर. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."

दोब्रिनाने ह्यावर काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण बोलायला छातीत श्वासच नव्हता. पहिल्यांदाच काही उरलं नव्हतं. सगळा सुरात गेला होता.